विंडोज ७ वर ग्राफिक्स ड्रायव्हर बदलताना: एका कार्यशाळेतल्या संगणकाचं प्रकरण

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, बदलायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा आणि सगळ्यात नवा ड्रायव्हर टाका. दुसरा, तो संगणकच काढून टाका. या प्रकरणात पहिल्या सल्ल्याने काम अडलं आणि दुसरा त्या घडीला पाळता येण्यासारखा नव्हता. मधली वाट कशी निघाली, कुठे थांबून विचार करावा लागला आणि कुठला निर्णय आज वेगळा घेता येईल, ते इथे सविस्तर मांडलं आहे. माणसांची, जागेची आणि वापरातल्या प्रोग्रामांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. ग्राफिक्स कार्ड, ऑपरेटिंग सिस्टीम आणि ड्रायव्हरचे तपशील मात्र आहेत तसेच आहेत, कारण सगळा पेच त्यांच्यातच होता.

पार्श्वभूमी

लहानशी कार्यशाळा. संगणकावर आराखडा काढायचा आणि त्याच संगणकाला जोडलेल्या कोरीवकामाच्या मशीनवर तो उतरवायचा, असं तिथलं काम. मशीनला हुकूम देणारं कार्ड संगणकाच्या आत, मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या पीसीआय खाचेत बसवलेलं. त्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या ६४-बिट आवृत्तीपर्यंतच आला, पुढच्या आवृत्त्यांसाठी कधी निघालाच नाही. मशीन मात्र ठणठणीत होतं आणि त्याच्यावर रोज काम चालू होतं. एवढ्या एका कारणासाठी तो संगणक विंडोज ७ वर राहिला होता.

संगणकात एनव्हिडियाचं जीफोर्स जीटीएक्स ६६० कार्ड होतं. हे २०१२ सालचं, केपलर पिढीतलं. ड्रायव्हर ३०६.९७, तोही २०१२ चाच. म्हणजे संगणक उभा केला त्या दिवशी जो टाकला तोच. विंडोजचा सर्व्हिस पॅक १ होता, पण त्यानंतर काही महिन्यांतच अपडेट बंद करून ठेवलेली. कारण साधं होतं: एकदा मशीन चालू असताना विंडोजने मध्येच रीस्टार्ट घेतला आणि अर्धा कोरलेला तुकडा वाया गेला. तेव्हा घेतलेला तो निर्णय समजण्यासारखाच होता. त्याची गाठ पुढे या प्रकरणात पडली.

अडचण कशी उभी राहिली

आराखडे काढायच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन टाकलं गेलं. विंडोज ७ वर चालणारं ते शेवटचंच व्हर्जन होतं. सुरू करताच त्याने सांगितलं की त्रिमितीय दृश्यासाठी ओपनजीएल (चित्र काढण्यासाठी प्रोग्राम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्यातली ठरलेली भाषा) ४.५ लागेल आणि ते या संगणकावर सापडत नाही.

इथे ‘कार्ड जुनं झालं’ असा निष्कर्ष काढणं सोपं होतं, आणि तो चुकीचा ठरला असता. ओपनजीएल ४.५ जाहीर झालं ऑगस्ट २०१४ मध्ये. २०१२ च्या ड्रायव्हरला त्याची खबर असण्याचं कारणच नाही. केपलर पिढीतली कार्डं मात्र नंतरच्या ड्रायव्हरसह ४.५ आणि त्यापुढचं ४.६ सुद्धा चालवतात. म्हणजे कार्डाच्या अंगात ताकद होती, ती वापरायला शिकवणारा ड्रायव्हर तेवढा जुना होता. ड्रायव्हर बदलायला इतकं स्पष्ट कारण सहसा मिळत नाही. बऱ्याचदा लोक ‘नवा आला आहे’ एवढ्यावरच ड्रायव्हर बदलतात, आणि जुन्या सिस्टीमवर तो उद्योग करू नये असं माझं ठाम मत आहे.

मशीन चालवणाऱ्या कारागिराने आधी स्वतः प्रयत्न केला. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेला, कार्डाचं नाव निवडलं आणि समोर आलेली फाइल उतरवून चालवली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या रकान्यात विंडोज १० आधीच निवडलेलं होतं, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. इन्स्टॉलरने ‘विंडोजच्या या आवृत्तीशी जुळत नाही’ असं सांगून काम थांबवलं. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

मग त्याने ‘सगळे ड्रायव्हर आपोआप नवे करून देणारा’ एक फुकट प्रोग्राम टाकला. त्याने लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली, कारागिराने ‘सगळे दुरुस्त करा’ दाबलं. त्या प्रोग्रामने जुना ग्राफिक्स ड्रायव्हर काढून टाकला, नवा कुठूनसा आणून बसवला, जाता जाता नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही बदलला आणि रीस्टार्ट मागितला.

रीस्टार्टनंतर स्क्रीन ८०० बाय ६०० वर आली. आयकॉन मोठाले, अक्षरं फाटलेली. आराखड्याचा प्रोग्राम उघडेना, ते एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच झाली. मशीनला हुकूम देणाऱ्या प्रोग्रामची खिडकी स्क्रीनपेक्षा उंच होती आणि ‘सुरू करा’चं बटण नेमकं खालच्या पट्टीत, म्हणजे स्क्रीनच्या बाहेर गेलेलं. मशीन ठीक, त्याचं कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक. पण बटणापर्यंत माउस पोचत नव्हता. काम ठप्प. या अवस्थेत ते प्रकरण माझ्याकडे आलं.

नेमकं बिघडलं काय होतं

संगणकातल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला तर डिस्प्ले अडॅप्टरवर पिवळा त्रिकोण. त्यावर दोनदा क्लिक केलं की ‘कोड ५२’. या कोडचा अर्थ, विंडोजला ड्रायव्हरवरची डिजिटल सही, म्हणजे फाइल कुणी बनवली आणि ती मधे बदललेली नाही याची खूण, पडताळता आली नाही.

कोड बघणं ही बारीक वाटणारी पण फार मोलाची पायरी आहे. कोड ४३ असता तर उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं, असा अर्थ झाला असता आणि कार्डाकडे संशयाने बघावं लागलं असतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. स्क्रीनवर चारही वेळा चित्र सारखंच दिसतं, तेच ८०० बाय ६०० किंवा त्याच्या आसपास. उपाय मात्र चार वेगवेगळे.

सही का पडताळता येत नव्हती? विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या व्हिस्टापासून कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरवर वैध सही असल्याशिवाय तो चालवत नाहीत. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, तेव्हा या सह्यांसाठी एसएचए-१ ही पद्धत रूढ होती. पुढे ती कच्ची ठरली आणि सगळे एसएचए-२ कडे वळले. मूळ विंडोज ७ ला ड्रायव्हरवरची एसएचए-२ सही ओळखता येत नाही. ती ओळख अपडेटमधून द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टने ती २०१५ पासून दिली आणि मार्च २०१९ मध्ये त्यासाठीची दोन महत्त्वाची अपडेट काढली: केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. पहिलं विंडोजमधल्या अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेलाच ताजं करतं, दुसरं एसएचए-२ सह्यांची ओळख देतं. आपल्या संगणकावर अपडेट कित्येक वर्षं बंद. नव्या ड्रायव्हरवर नवी सही, आणि विंडोजकडे ती वाचण्याची सोयच नाही.

ही गोष्ट ड्रायव्हर उतरवताना कुठेच ठळक दिसत नाही. इन्स्टॉलर कधी अर्ध्यात थांबतो, कधी सुखरूप पार पडल्याचं सांगतो आणि रीस्टार्टनंतर त्रिकोण उगवतो. माणूस मग दुसरा ड्रायव्हर आणतो, तिसरा आणतो, कार्ड काढून पुन्हा बसवतो. खरी उणीव ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, जुना ३०६.९७ परत बसवायचा. कंपनीच्या संग्रहात तो मिळतो, सही जुन्या पद्धतीची, त्रास काही नाही. मशीन लगेच चालू झालं असतं, पण नवा आराखडा-प्रोग्राम बंदच राहिला असता. हा पर्याय आम्ही राखीव ठेवला. फाइल आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली, म्हणजे बाकी सगळं फसलं तर निदान काम सुरू करता आलं असतं.

दुसरा, सहीची तपासणीच बंद करायची. संगणक सुरू होताना एफ८ दाबलं की तशी निवड मिळते, पण ती त्या एका बूटपुरती. प्रत्येक सकाळी कुणीतरी आठवणीने एफ८ दाबायचं, हे कार्यशाळेत टिकत नाही. कायमचा चाचणी मोड लावता येतो, मात्र मग कर्नलचं दार कुणीही स्वतःच सही केलेल्या ड्रायव्हरला उघडं राहतं. हा पर्याय मी दोन मिनिटांत बाजूला ठेवला. निदान करताना एकदा वापरायला ठीक आहे, रोजच्या कामाचा संगणक असा ठेवू नये.

तिसरा, ऑपरेटिंग सिस्टीमच बदलायची. विंडोज ७ ची सर्वसाधारण मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि पैसे भरून मिळणारी वाढीव सुरक्षा अपडेटही जानेवारी २०२३ मध्ये थांबली, तेव्हा हा सल्ला तत्त्वतः बरोबरच. पण पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर नाही, म्हणजे सिस्टीम बदलली की मशीन गेलं. लिनक्सचंही तेच.

चौथा पर्याय, कामं दोन संगणकांत वाटायची. आराखडे नव्या संगणकावर, जुना फक्त मशीनसाठी. मला हा सगळ्यात निकोप वाटत होता. आड आली ती आराखडा-प्रोग्रामच्या परवान्याची व्यवस्था. परवाना याच संगणकाशी बांधलेला होता, तो हलवायला प्रोग्राम बनवणाऱ्यांशी पत्रव्यवहार लागणार होता, आणि हातातलं काम तितकं थांबणारं नव्हतं.

उरला पाचवा: विंडोज ७ ला हवी ती दोन अपडेट द्यायची आणि मग या सिस्टीमसाठी व या कार्डासाठी निघालेल्या शेवटच्या मालिकेतला ड्रायव्हर नीट बसवायचा. आम्ही हा निवडला.

शेवटच्या मालिकेतला म्हणजे कुठला, हा स्वतंत्र प्रश्न होता. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२१ पासून विंडोज ७ आणि ८ साठी नवे गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठी नियमित निघणारी ओळ, थांबवले. त्या ओळीतला विंडोज ७ साठीचा शेवटचा ४७२.१२, सप्टेंबर २०२१ चा. त्यानंतर सप्टेंबर २०२४ पर्यंत फक्त गंभीर सुरक्षा दुरुस्त्या असलेले ड्रायव्हर येत राहिले. विंडोज ७ साठीची ४७४ मालिका त्यातलीच. ४७२.१२ घ्यायचा की ४७४ मधला? इंटरनेट तोडलेल्या संगणकाला सुरक्षा दुरुस्त्या कशाला, असं कार्यशाळेच्या मालकांचं म्हणणं होतं. पण इथे आराखडे पेन ड्राइव्हवरून येत-जात होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये चालतो. त्यातली उघडकीला आलेली भोकं बुजवलेला ड्रायव्हर फुकट मिळत असताना ती उघडी ठेवण्यात मला काही लाभ दिसला नाही. ४७४ मालिकेतला घ्यायचं ठरलं.

कार्ड वेगळं असतं तर उत्तरही वेगळं आलं असतं. केपलरच्या आधीची फर्मी पिढी, म्हणजे जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेतली बहुतेक कार्डं, मार्च २०१८ च्या ३९१.३५ शी येऊन थांबतात. ३२-बिट विंडोज असती तर ३९० च्या शाखेपुढे कार्ड कितीही नवं असून उपयोग नव्हता, कारण ३२-बिट ड्रायव्हर तिथेच बंद झाले. एएमडीच्या जीसीएन पिढीतल्या कार्डांसाठी विंडोज ७ चा शेवटचा ड्रायव्हर २१.५.२, आणि त्याआधीच्या एचडी ५००० किंवा ६००० मालिकेसाठी शेवटचा प्रमाणित ड्रायव्हर २०१५ चा कॅटॅलिस्ट १५.७.१. लॅपटॉपवर याहून जास्त जपावं लागतं, कारण तिथे लॅपटॉप बनवणाऱ्याने स्वतःच्या बदलांसह दिलेला ड्रायव्हरच कधी कधी लागतो.

काय केलं, कोणत्या क्रमाने

कशालाही हात लावण्याआधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, आहे त्या बिघडलेल्या अवस्थेतच. मालकांना हे विचित्र वाटलं. ‘मोडलेल्याची कॉपी कशाला?’ मोडलेलं फक्त चित्र होतं. मशीनचा ड्रायव्हर, त्याच्या जुळणीच्या फाइली, वर्षानुवर्षं बसवत आणलेली मापं, परवाना, सगळं त्याच डिस्कवर होतं आणि त्यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेही नव्हतं. प्रतिमा उघडून त्यातल्या दोन-चार फाइली वाचता येतात ना, तेही पाहिलं.

मग कार्डाची खरी ओळख. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी दिसतो. त्यात ‘व्हीईएन_१०डीई’ म्हणजे एनव्हिडिया आणि ‘डीईव्ही_११सी०’ म्हणजे जीटीएक्स ६६०. खोक्यावरच्या किंवा बिलावरच्या नावापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवावा. सगळ्या फाइली दुसऱ्या, चालत्या संगणकावर उतरवल्या. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून, ऑपरेटिंग सिस्टीमच्या रकान्यात हाताने विंडोज ७ ६४-बिट निवडून. दोन्ही अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून. ड्रायव्हरच्या फाइलवर उजवं क्लिक करून डिजिटल सही तपासली, पॅकेज उलगडून त्यातल्या आयएनएफ फाइलींमध्ये, म्हणजे ड्रायव्हर कोणकोणत्या कार्डांसाठी आहे ते सांगणाऱ्या मजकुरात, तो ‘११सी०’ आकडा नोटपॅडने शोधला. सापडला. म्हणजे हे पॅकेज या कार्डाला ओळखतं, हे बसवण्याआधीच कळलं.

जुन्या संगणकाची नेटवर्क केबल काढली. ड्रायव्हर बदलणारा तो प्रोग्राम काढून टाकला, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ने मागे नेला. ग्राफिक्ससाठी तेच बटण फिकं पडलेलं होतं, कारण जुना ड्रायव्हर शिल्लकच नव्हता.

त्यानंतर आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, मग रीस्टार्ट. आणि इथे एक गंमतीचा, पण नीट विचार करायला लावणारा क्षण आला. रीस्टार्टनंतर स्क्रीन आपोआप पूर्ण रिझोल्यूशनवर उघडली. पिवळा त्रिकोण गेला. त्या अपडेटर प्रोग्रामने बसवलेला ड्रायव्हर आता विंडोजला वाचता येत होता, त्यामुळे तो सरळ चालू झाला. कारागिराने आराखडा-प्रोग्राम उघडला, तोही उघडला. ‘झालं की! आता राहू द्या.’

तिथे थांबायचं की नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता. चालत्या गोष्टीला हात लावू नये, हा जुन्या संगणकांवरचा माझाही नियम आहे. पण तो ड्रायव्हर कुठून आला, हे आम्हाला सांगता येत नव्हतं. सही बरोबर असणं पुरेसं नाही का? २०२२ साली एनव्हिडियाची चोरीला गेलेली सही-प्रमाणपत्रं वापरून मालवेअरवर सह्या केल्या गेल्या होत्या. ती प्रमाणपत्रं मुदत संपलेली होती, तरी विंडोज तशा सह्यांचे ड्रायव्हर स्वीकारत होतं. म्हणून फाइल कुठून आली हे सहीइतकंच महत्त्वाचं. शिवाय त्या प्रोग्रामने जुन्याचे अवशेष किती ठेवले, हेही माहीत नव्हतं. डिस्कची प्रतिमा हाताशी होती, राखीव ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर होता. पुढे जायचं ठरलं.

एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेलो आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरचा मागमूस पुसला. परत आल्यावर स्क्रीन पुन्हा साध्या व्हीजीए अडॅप्टरवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर, हे अपेक्षितच. केबल काढून ठेवल्यामुळे विंडोज मध्येच स्वतःहून दुसरा ड्रायव्हर आणून बसवेल ही धास्ती नव्हती. मग ४७४ मालिकेतल्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर. त्यात ‘कस्टम’ निवडून फक्त डिस्प्ले ड्रायव्हर घेतला. आवाजाचा ड्रायव्हर, त्रिमितीय चष्म्याची सोय, अपडेट शोधणारं साहाय्यक सॉफ्टवेअर, सगळ्या खुणा काढल्या. या संगणकाला त्यातलं काहीच नको होतं, आणि जेवढं कमी बसवावं तेवढं पुढे बिघडायला कमी.

रीस्टार्ट. स्क्रीन ठीक, कोड नाही, आराखडा-प्रोग्रामला ओपनजीएल सापडलं.

नव्या ड्रायव्हरनंतरच्या दोन तक्रारी

मशीनला हुकूम देणाऱ्या प्रोग्राममध्ये कोरण्याचा मार्ग रेषांनी दाखवला जातो. दृश्य फिरवलं की त्यातल्या काही रेषा लुकलुकत होत्या, काही गायब. मशीन मात्र बरोबर कोरत होतं. टाकाऊ तुकड्यावर चालवून ते आधी पाहिलं. प्रोग्राम फार जुन्या पद्धतीने लिहिलेला आणि ड्रायव्हर त्याच्यापेक्षा कितीतरी नवा, त्यामुळे असं होणं नवल नव्हतं. मागच्या एखाद्या ड्रायव्हरवर जाता आलं असतं, पण त्यात पुन्हा सगळी काढ-घाल. त्याआधी जे क्षणात उलटवता येईल ते करून बघावं म्हणून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फक्त त्या प्रोग्रामपुरतं ‘थ्रेडेड ऑप्टिमायझेशन’ बंद केलं. जुन्या ओपनजीएल प्रोग्रामांना ही सोय कधी कधी मानवत नाही. रेषा स्थिर झाल्या.

दुसरी तक्रार काही दिवसांनी आली. मोठा आराखडा फिरवताना स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि कोपऱ्यात संदेश यायचा की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ क्रमांकाच्या नोंदी. सगळ्यांचं बोट नव्या ड्रायव्हरकडे, कारण शेवटी बदललेलं तेच. या संदेशामागची यंत्रणा अशी: ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ते अडकलं असं धरून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या, ‘टीडीआर-डिले’मध्ये ही मुदत वाढवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मी तो केला नाही. मुदत वाढवल्याने कार्ड का अडकतं याचं उत्तर मिळत नाही, नुसता संदेश उशिरा येतो.

आधी तापमान पाहिलं. आराखडा फिरवायला लागलं की आकडा भराभर चढायचा आणि पंखा पूर्ण वेगात असूनही खाली यायचा नाही. पेटी उघडली. कोरीवकामाचा बारीक भुसा पंख्याच्या पात्यांवर आणि त्यामागच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा बसला होता. बोटाने ओढला तर सलग थर निघून आला. जुन्या प्रोग्रामने या कार्डाकडून फारसं काम कधी घेतलंच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते खपून गेलं. नव्या प्रोग्रामने प्रथमच कार्डाला पूर्ण राबवलं. साफसफाईनंतर तापमान खाली राहिलं आणि ४१०१ च्या नव्या नोंदी थांबल्या. ड्रायव्हर होता तोच.

निष्पत्ती

दोन्ही प्रोग्राम चालू झाले, मशीनचं काम ठरल्या वेळेत गेलं. या चांगल्या अवस्थेची डिस्कची आणखी एक प्रतिमा घेतली. दोन्ही अपडेट, वापरलेला ड्रायव्हर, राखीव ३०६.९७ आणि मशीनचा ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये ठेवले, सोबत कोणत्या क्रमाने काय बसवायचं याचा एक पानी कागद. नेटवर्क केबल परत लावलीच नाही. ब्राउझिंगसाठी तो संगणक वापरायचा नाही असं ठरलं. क्रोमने विंडोज ७ ची साथ १०९ व्या आवृत्तीनंतर सोडली आहे, तेव्हा तसंही त्यात शहाणपण नव्हतं.

पुढे परवाना हलवण्याची परवानगी मिळाली आणि आराखड्यांचं काम नव्या संगणकावर गेलं, म्हणजे चौथा पर्याय अखेर अमलात आलाच. मग ड्रायव्हरचा खटाटोप वाया गेला का? मला तसं वाटत नाही. परवान्याच्या पत्रव्यवहाराला जो वेळ लागला, तो या दुरुस्तीमुळेच मिळाला.

काय वेगळं करता आलं असतं

आराखडा-प्रोग्रामचं नवं व्हर्जन टाकण्याआधी त्याच्या गरजा वाचल्या असत्या, तर ओपनजीएल ४.५ ची अट तेव्हाच दिसली असती आणि सगळं निवांत वेळी करता आलं असतं. जुन्या सिस्टीमवर कुठलाही प्रोग्राम वर नेताना त्याच्या गरजांचं पान आणि आपल्या ड्रायव्हरची तारीख शेजारी ठेवून बघायला फार वेळ लागत नाही.

परवान्याची विचारणा पहिल्याच दिवशी पाठवायला हवी होती. ती ड्रायव्हरचं काम निस्तरल्यावर गेली, खरं तर दोन्ही एकदम चालवता आलं असतं. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे, कुठल्याही तांत्रिक अडचणीत नाही.

पंख्याची साफसफाई ड्रायव्हर बदलण्याआधी झाली असती तर ४१०१ च्या नोंदींनी नव्या ड्रायव्हरवर नाहक आळ आला नसता. कार्डावर पडणारा भार वाढणार असेल तर त्याची थंडी-गरमी आधी बघावी, विशेषतः जिथे भुसा उडतो तिथे.

अपडेट सरसकट बंद ठेवण्याबद्दल मात्र मी कारागिराला दोष देणार नाही. मध्येच रीस्टार्ट घेणारा संगणक मशीनला जोडून ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. ‘बंद’ आणि ‘आपोआप’ यांच्या मधला, म्हणजे अपडेट कधी बसवायची ते विचारून ठरवण्याचा पर्याय विंडोज ७ मध्ये होता; तो कुणी दाखवला असता तर कोड ५२ आलाच नसता.

एक गोष्ट अजून उघडी आहे. मशीनचं पीसीआय कार्ड एकच आहे आणि ती खाच असलेले मदरबोर्ड आता सहज मिळत नाहीत. तसा एक जोडीला घेऊन, त्यावर दुसरी प्रतिमा उतरवून, मशीन चालवून बघायचं ठरलं आहे. मदरबोर्ड वेगळा असला की चिपसेटचे ड्रायव्हर वेगळे, आणि त्यांचीही विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती याच पद्धतीने शोधावी लागेल.